बारमाही लिहिलेले डबे

वर्धा
ता. ५ फेब्रुवारी १९५६

ती. दादास शरयूचा शि. सा. न. वि. वि.

जिरेनियम वर्ध्यात बाराही महिने जगतं का? सुरुवातीलाच विचारून टाकते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले, घरातली पहिली पदवी म्हणून बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि अंगणातल्या चार डब्यांविषयी कुणी काही विचारलं की मी अजून पुस्तकच उघडते. पुस्तकात त्याला बारमाही म्हटलं आहे. ते वाचून मी डब्यावर तसं लिहिलं, आणि त्या लिहिण्यावरून घरात भलतंच घडलं आहे.

तू दिवाळीला पचमढीहून आणलेलं सगळं लागलं. पॅन्सी आणि फ्लॉक्सचे वाफे भरून गेले आहेत. जिरेनियमला लाल गेंद आले आहेत आणि कार्नेशनचा वास ओसरीपर्यंत येतो. घासलेटच्या डब्यांना मी पांढरा रंग दिला आणि त्यावर 'हंगामी' किंवा 'बारमाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. मोठ्या अक्षरात अशासाठी की मोतीबिंदूमुळे बाबांना आता बारीक दिसत नाही, आणि आई गेल्यापासून सकाळचा चहा ते या डब्यांपाशीच घेतात.

गेल्या रविवारी भैयाजी आले होते. कापसाच्या जिनिंगवाले भैयाजी, बाबा कचेरीत असताना ज्यांचं येणंजाणं असायचं ते. आंजीच्या रस्त्याला त्यांचा नवा बंगला होतो आहे, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे. जिरेनियम पाहून ते थांबले आणि उन्हाळ्यात हे असंच राहतं का असं विचारू लागले. बाबांनी डब्यावर बोट ठेवून माझं अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाले, आमचा श्रीनिवास नऊ वर्षं पचमढीच्या सरकारी बागेत आहे, तो तुमच्या बंगल्याभोवती अशी बाग करून देईल की फूल नाही असा दिवस जाणार नाही. भैयाजींनी विचारलं, तो येईल का. बाबा म्हणाले, न यायला काय झालं, आता तर राज्यंही वेगळी होणार, आपला जिल्हा महाराष्ट्रात आणि पचमढी भोपाळकडे. मुलगा दुसऱ्या राज्यात कशाला ठेवू.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तो टेबलावर ठेवला आणि आत गेले. तेव्हापासून नुसती आत-बाहेर करते आहे.

दुसरी बातमी अशी की हिंगणीच्या मिडल स्कूलसाठी माझी मुलाखत झाली. बाबा म्हणतात, श्रीनिवास आला की तू खुशाल जा.

रागावणार असलास तर सविस्तर रागाव, त्रोटक नको. आहे तो लोभ तसाच राहू दे.

तुझी
शरयू


पचमढी
ता. १४ फेब्रुवारी १९५६

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

बी. एस्सी. बाईंनी मॅट्रिकवाल्याला प्रश्न विचारला, म्हणून पत्र दोनदा वाचलं. उत्तर मलाही येत नाही. इथे आमच्या ऑफिसच्या खिडकीखाली जी जिरेनियमची झाडं आहेत त्यांना सहा वर्षं झाली. खोड मनगटाएवढं झालं आहे. तुझी कलमं त्यांचीच. पण वर्ध्याचा मे महिना त्यांनी पाहिलेला नाही.

उलट तुला एक सांगतो. तू मागे पाठवलेली सदाफुली मी दर वर्षी नव्याने पेरतो. आपल्या मागच्या दारी ती कुणी न लावता वर्षानुवर्षं उभी असते. इथे जानेवारीत सकाळी गवतावर पांढरा थर धरतो आणि दुपारपर्यंत सदाफुली काळी पडून आडवी होते. म्हणजे तुमच्याकडची घरची माणसं माझ्याकडे पाहुणी. माझ्याकडची तुमच्याकडे काय होतील ते उन्हाळाच सांगेल.

बाबांचं पत्र वेगळं आलं. भैयाजींना शब्द दिला आहे, ये, एवढंच आहे. ऑफिसातही प्रत्येकाला विचारताहेत की कुठल्या राज्यात राहायचं ते कळवा. जूनच्या दहा तारखेपर्यंत मुदत आहे. बाबा म्हणतील तसं करीन.

आमच्याकडे यंदा एक मजा आहे. आफ्रिकेतली एक निळी लिली मी बियांपासून केली होती. चौथं वर्ष लागलं. सगळे हसत होते, हा कांद्याची पात वाढवतो म्हणून. यंदा किंवा पुढल्या वर्षी फुलेल असं वाटतं. तिची पानं हिवाळ्यातही हिरवी राहिली. रांग सरळ लावली आहे, सकाळी वर चढून येताना धुक्यातून आधी तीच दिसते. पुढल्या वर्षी कोण पाहील ते पाहील.

तुझ्या हिंगणीचं ऐकून फार बरं वाटलं. बाबांच्या डोळ्यांना जप. माझी माया आहे, ती लिहिण्यात मात्र मी कच्चा.

तुझा
श्रीनिवास


वर्धा
ता. १९ मार्च १९५६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ऊन लागायला सुरुवात झाली. पॅन्सी वाळली, फ्लॉक्सने बी धरलं आणि संपला. मला मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांचं काम झालं, मी बी पुडीत बांधून ठेवलं. पण बारमाही लिहिलेल्या डब्यांकडे पाहवत नाही. कार्नेशनचे दांडे लोळू लागले आहेत. जिरेनियमच्या पानांच्या कडा आधी लाल होतात आणि मग पान पिवळं पडतं.

मी बाबांना म्हटलं की भैयाजींना आत्ताच सांगू या, ही झाडं टिकतील याची खात्री नाही. बाबा म्हणाले, घर बांधणाऱ्या माणसाला अशुभ काही सांगू नये. मी म्हटलं, यात अशुभ काय, हा हवेचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तुझं हवामान तू शाळेत शिकव. आणि त्याच संध्याकाळी भैयाजींचा निरोप आला की वास्तुशांतीच्या दिवशी हे सगळे डबे बंगल्याच्या पायऱ्यांवर मांडायचे आहेत, आमच्या डोमाजीला गाडी घेऊन पाठवू. म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत यांना जगवायचं आहे, भर वैशाखात.

हिंगणीची नेमणूक आली. कामावर रुजू व्हायचं जूनमध्ये, पण मी एक दिवस जाऊन गाव पाहून आले. चौथीनंतर तिथे मुलींची नावंच दिसत नाहीत. बोरच्या जंगलाकडच्या वस्तीतून तर एकही मुलगी येत नाही. विहिरीवर एका बाईने मला विचारलं की तू खरंच येणार की आधीच्या बाईसारखी पगारापुरती. मी येणार असं ठासून सांगितलं. परत येताना सेलूच्या मोटारीत बसल्यावर लक्षात आलं की हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तू आलास तरच मी जाणार.

ही झाडं उन्हात कशी सांभाळायची ते तातडीने कळव. मी रोज दोनदा पाणी देते आहे.

पत्राला उशीर करू नकोस. इथे सगळंच लवकर वाळतं.

तुझी
शरयू


पचमढी
ता. २९ मार्च १९५६

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

दोनदा पाणी आधी बंद कर. तापलेल्या डब्यात ओल्या मातीत जिरेनियमच्या मुळ्या शिजतात. तू त्यांना प्रेमाने उकडते आहेस. प्रत्येक डबा मोठ्या कुंडीत ठेव, मधल्या जागेत रेती भर आणि पाणी रेतीला दे, झाडाला नाही. फुलं खुडून टाक. दुपारची सावली हवी, पण वारा अडता कामा नये. एवढं करूनही जमेल असं मी म्हणत नाही. झाड मरतं ते नुसत्या दुपारच्या उन्हाने नाही. इथे मे महिन्यातही पहाटे पांघरूण लागतं, त्या गारव्यात झाड दिवसभराचं भरून काढतं. वर्ध्यात पहाटसुद्धा गरम. तिथे त्याने विसावा घ्यायचा कधी?

बाबांना मी पत्र घातलं आहे की येण्याची तयारी करतो. खोलीतलं सामान फार नाही.

लिलीच्या एका झाडाला दांडा आला. बोटभर आहे. टोकाला हिरवी पिशवी असते, तिच्यात कळ्या बांधलेल्या असतात. ती फुटायला जून उजाडेल. नत्थू माझ्याबरोबर काम करतो, त्याने पैज लावली आहे की फूल पांढरं निघेल. मी म्हणतो निळंच. साहेब स्वतः येऊन पाहून गेले आणि म्हणाले की सगळ्या रांगेचं बी धरून पुढे खालच्या उतारावर लावू. मी हो म्हटलं. मग आठवलं की तेव्हा मी नसेन. नत्थूला सगळं सांगून ठेवीन.

तू त्या विहिरीवरच्या बाईला दिलेला शब्द पाळशील. मी आहे ना.

अंगावर ऊन घेऊ नकोस. कांदा जवळ ठेव. माझी आठवण त्याच्याही जवळ ठेव.

तुझा
श्रीनिवास


वर्धा
ता. २६ एप्रिल १९५६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रेती भरली. सावलीसाठी तुरीच्या काड्यांचे ताटवे बांधून त्यांवर ओलं पोतं घातलं. सकाळी डबे ओसरीवर, ऊन आलं की कडुनिंबाखाली, तिथेही आलं की न्हाणीघराच्या भिंतीला. ऊन सरकलं की मी उठते. जेवताना उठते, वाचताना उठते. बाबा म्हणाले, घरात मांजर व्याली आहे असं वाटतं, ती पिल्लं अशी हलवत असते.

घरकामाला आणि पाणी भरायला येणारी जिजा तर रोज टोमणे मारते. सामाईक विहीर तळाला गेली आहे आणि पाण्यासाठी बायका रांगा लावतात. काल ती घागर ठेवून म्हणाली, मानसाले प्यायले पानी नाई अन् तू ह्या झाडाले आंघोळी घालून राह्यली, काऊन वो बाई, हे तुह्या सासरचे पाहुने हायेत का? मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. तिच्या घरी लहान मूल आहे. मी तिला म्हटलं, ही घागर तू घरी ने. ती म्हणाली, आता इथवर आनली तर घाल तुह्या पाहुन्याले, मी दुसरी भरीन.

दुपारी पारा एकशे तेराला जातो. कार्नेशन सगळी गेली. जिरेनियमपैकी निम्मी बुंध्याशी काळी पडली. उरलेल्यांना मी पेशंटसारखं सांभाळते आहे आणि एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी यांना कशासाठी वाचवते आहे? बाबांची लाज राहावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. तसं नाही. ही झाडं जगली तर भैयाजींचं काम राहील, काम राहिलं तर तू येशील, आणि तू आलास तर मी हिंगणीला जाईन. मुलींच्या शिक्षणासाठी मी धडपडते असं मी सगळ्यांना सांगत फिरते, आणि त्याची किंमत तू द्यावीस म्हणून डबे उचलते आहे.

आता तुला सरळ विचारते. तुला यायचं आहे का? तुझी सगळी पत्रं काढून वाचली. लिलीबद्दल पानं आहेत. येण्याबद्दल एकेक ओळ आहे, तीही बाबा म्हणतील तसं, सामान फार नाही, अशी. उत्तर मला लिही, बाबांना नको.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस. सध्या माझाच माझ्यावर नाही.

तुझी
शरयू


पचमढी
ता. २ मे १९५६

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

तू फार विचार करतेस. मला काय हवं ते विचारू नकोस. मी थोरला आहे, त्यात हवं-नकोचं काही नसतं. नऊ वर्षं मनासारखं राहिलो, ते पुष्कळ झालं.

तुझ्या काळजीवर उपाय काढला आहे. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी येतो. खिडकीखालची सहा वर्षांची जिरेनियमं मुळासकट उकरून ओल्या शेवाळात बांधून घेतो. पिपरियाहून रात्रीची गाडी, इटारसीला बदलायची. सकाळी तुझ्या डब्यांत ती बसवू. पूर्ण फुलावर आहेत, एक-दोन दिवस कोमेजणार नाहीत. भैयाजींना आणि त्यांच्या पाहुण्यांना कळायचं कारण नाही. बाबांची मान ताठ राहील. पुढे ती मेली तर मेली, तोवर मी तिथे असेन, उन्हाळ्याला सोसतील अशी दुसरी लावीन. साहेबांना विचारलं, ते ने म्हणाले.

आलो की लगेच ऑफिसला वर्धा असं कळवून टाकतो. नत्थूने लिलीला पाणी घालायचं कबूल केलं आहे. दांडा आता हातभर झाला. पिशवीला फट पडली आहे आणि आतून निळं दिसतं, म्हणजे पैज मी जिंकलो. फुललेली पाहायला थांबता येणार नाही, पण निळं आहे एवढं कळलं.

स्टेशनवर भाड्याची गाडी मिळाली तर बघ. झाडं जड होतील.

भेटीतच आता उरलेली माया.

तुझा
श्रीनिवास


वर्धा
ता. ७ मे १९५६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

माझी तार तुला काल मिळाली असेल. येऊ नकोस, झाडं उकरू नकोस, एवढंच तारेत बसलं. बाकीचं इथे लिहिते.

तुझं पत्र वाचून मी अंगणात गेले आणि ताटवे सोडले. पोती काढली. सहा वर्षांची झाडं मुळासकट काढून एका दिवसासाठी आणायची, पाहुण्यांना दाखवायची आणि मग मरू द्यायची, हे तू लिहितोस आणि मी वाचते, आणि दोघांपैकी कुणालाही आधी त्यात खोटं दिसत नाही. इतके आपण बाबांच्या एका शब्दाभोवती फिरत राहिलो. सत्याबद्दल मी कॉलेजात निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं, तुला आठवत असेल.

काल सकाळी डोमाजी गाडी घेऊन पायऱ्यांचं माप कळवायला आला होता. बाबा वाचनालयात होते. मी सगळे डबे, वाळलेले आणि अर्धमेले, गाडीत चढवले आणि मीही चढले. डोमाजी म्हणाला, बाई, हे असे नेले तर मालक मले बोलतीन. मी म्हटलं, मलाच बोलतील, चला.

भैयाजी मजुरांजवळ उभे होते. डबे पाहून त्यांनी आधी विचारलं की वाटेत काही झालं का. मी सांगितलं की वाटेत नाही, वर्ध्यात झालं. ही झाडं थंड डोंगरावर वर्षानुवर्षं राहतात आणि आपल्याकडे दिवाळी ते होळी. डब्यावरचं अक्षर माझं आहे, पुस्तकातून उतरवलेलं, पडताळून न पाहिलेलं. बाबांनी फक्त वाचून दाखवलं. आणि दादा येणार नाही.

त्यांनी एका डब्यातलं वाळलेलं पान बोटांत चुरून पाहिलं. मग म्हणाले, बंडोपंतांनी जबान दिली होती, त्याचं काय? मी म्हटलं, ती माझ्या चुकीवर दिली होती, तेव्हा परत घ्यायला मी आले आहे. त्यांनी विचारलं, मग या मौसमात इथं फुलतं तरी काय. त्यांच्याच फाटकाशी कण्हेर गुलाबी फुलांनी लदबदली होती, कुणी लावलेली नव्हती, बंगला नव्हता तेव्हापासूनची. मी तिकडे बोट केलं. मोगरा, जास्वंद, सदाफुली यांची नावं सांगितली. ते म्हणाले, इतकं तर डोमाजीपण करेल, त्याला पचमढीचा आदमी कशाला. काम तिथेच संपलं. चहा विचारला, मी नको म्हटलं. परतताना वाटलं की घ्यायला हवा होता, ते वाईट बोलले नव्हते.

मग बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते शब्दाबद्दल बोलतील, भैयाजींना तोंड कसं दाखवू म्हणतील. ते आरामखुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "बाग गेली चुलीत. मले माहा पोरगा घरी पाहिजे होता." बाबा असं बोलतात का कधी? लहानपणचं आंजीचं बोलणं कचेरीत गेल्यापासून त्यांनी टाकलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसले.

ऑफिसला काय कळवायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही. फक्त कारणांत वर्ध्याचे डबे धरू नकोस, आणि माझी हिंगणीही धरू नकोस.

माझ्यावर राग असला तरी तो पत्रात घालून पाठव, मनात ठेवू नकोस.

तुझी
शरयू


वर्धा
ता. १४ मे १९५६

चि. श्रीनिवास यास बंडोपंत यांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बहिणीने माझा शब्द बैलगाडीत घालून नेला आणि मोकळी गाडी घेऊन आली. काल भैयाजींच्या वास्तुशांतीला गेलो होतो. पायऱ्यांवर आंब्याची पानं आणि झेंडूच्या माळा होत्या. झेंडू नागपूरहून आणला म्हणे. भैयाजींनी मला अगत्याने पुढे बसवून जेवू घातलं. इतकं अगत्य पूर्वी करत नसत.

तुझी बहीण म्हणते, हिंगणीला माझ्याबरोबर चला, तिथे शाळेमागे दोन खोल्या मिळतात. मुलगा हयात असताना मी मुलीच्या पगारावर परक्या गावी जाऊन बसायचं हे मला मान्य नाही. लोक काय विचारतील आणि मी काय सांगू? मी वर्ध्यातच राहीन. जिजा स्वयंपाक करून देते. वर्तमानपत्राचे मथळे मला दिसतात, बारीक मजकूर कुणीतरी वाचून दाखवतं. एकट्या माणसाला आणखी काय लागतं.

तुला ये म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. तुझ्या मनाला विचार. अक्षर मोठं काढावं लागतं म्हणून पत्र लहान.

तब्येत सांभाळ. देव तुझं कल्याण करो, आणि शक्य तर माझ्या देखत करो.

बंडोपंत


पचमढी
ता. १९ मे १९५६

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

तार मिळाली तेव्हा कुदळ हातात होती. पहिल्या झाडाच्या बाजूची माती काढली होती, ती परत लोटली. तुझं पत्र नंतर आलं. तू जे केलंस ते मला जमलं नसतं. राग नाही.

पण बाबांचं कार्ड आलं आहे. एकट्या माणसाला आणखी काय लागतं, ही ओळ वाचून मी कामावर बसू शकलो नाही. त्यांना दिसत नाही. जिजा तिच्या घरी गेली की रात्रभर घरात ते एकटे. तू जूनमध्ये जाशील, आणि तू जायलाच हवं. मग मी कुणाच्या भरवशावर इथे राहू? बाग नसली तरी वर्ध्यात कुठेतरी काम मिळेल. कापसाच्या गोदामावरही चालेल. म्हणून दहा तारखेच्या आत वर्धा असंच कळवावं म्हणतो. यावर आता वाद घालू नकोस. दुसरा रस्ता असता तर तो मी घेतला असता, हे तुला पहिल्यांदा लिहितो.

बाबांना हे अजून कळवलेलं नाही.

तुझा
श्रीनिवास


हिंगणी
ता. २९ मे १९५६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वरचं गाव वाचून दचकू नकोस. बाबा माझ्याबरोबर आहेत आणि बरे आहेत.

तुझं पत्र मंगळवारी आलं. वाद घालू नकोस म्हणालास म्हणून घातला नाही. बाबांशीही घातला नाही. गेले पंधरा दिवस घालून पाहिला होता आणि दर वेळी आम्ही त्याच जागी येत होतो. त्यांना फक्त तुझी ती ओळ वाचून दाखवली, दुसरा रस्ता असता तर, ही. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. मग विचारलं, त्याने असं कधी लिहिलं होतं का याआधी? मी नाही म्हटलं. त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी सांगितली. भांडी, ट्रंका, पुस्तकं चढवली आणि मग बाबा न्हाणीघरात असताना त्यांची आरामखुर्चीही चढवली. ते बाहेर आले तर ओसरी मोकळी. माझ्याकडे पाहिलं, जिजाकडे पाहिलं. जिजा म्हणाली, बाबाजी, खुर्ची तं गेली, आता उभ्यानं किती दिवस राहाल? ते म्हणाले, पोरीने घर उठवलं माझं. आणि टोपी मागितली. सेलूच्या मोटारीत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. हिंगणीला पोचल्यावर मात्र शाळेच्या मास्तरांना त्यांनी स्वतःच सांगितलं की मुलगा पचमढीला सरकारी बागेत असतो, त्याला तिथून हलता येत नाही. मी काहीच पढवलेलं नव्हतं.

घर लहान आहे. दुपारी बोरकडून थोडा वारा येतो. शेजारच्या गंगाबाई बाबांना पेपर वाचून दाखवायला आपल्या मुलीला पाठवतात. ती चौथी झालेली आहे आणि तिचं नाव मी पाचवीत घालणार आहे, हे तिला अजून माहीत नाही. बाबा तिच्या चुका काढतात आणि ती चिडते. आजही ते माझ्यावर थोडे रुसलेले आहेत. जेवताना मीठ माझ्याकडे मागत नाहीत, स्वतः उठून घेतात. ते रुसणं मी सोसीन.

अंगणात काही नाही. मृग लागला की तेरडा आणि गुलबक्षी पेरीन. दिवाळीला तू पॅन्सी आणि फ्लॉक्स पाठव, होळीपर्यंत राहिले तर भरपूर झालं. कलमं पाठवू नकोस.

बाबांना आता एकटं ठेवलेलं नाही, तेव्हा तुझ्या पत्रातलं तेवढं एक कारण काढून टाक आणि मग ऑफिसला काय लिहायचं ते लिही. तुझ्या मनाविरुद्ध वर्धा लिहून आलास तर मी तोंड पाहणार नाही, आणि मनापासून आलास तर ओसरीत तुझी खाट टाकीन. जे करशील त्यात माझा जीव तुझ्याबरोबर आहे असं समज.

तुझी
शरयू

ता. क. वर्ध्याला मात्र येऊ नकोस. खोल्या सोडल्या आहेत, किल्ली घरमालकांच्या हातात दिली आणि त्यांनी सोमवारीच दुसरं बिऱ्हाड घेतलं.